राजाचे राहून गेलेले आजोबा

सासरे आणि सून अशी दोघंच सहलीला निघाली, याचं सगळ्यांत जास्त नवल त्या दोघांनाच वाटत होतं.

बेत खरा चौघांचा होता. पण नवऱ्याच्या औषधांच्या दुकानातल्या भागीदाराला ऐन वेळी कांजिण्या निघाल्या आणि दुकान नवऱ्याच्या गळ्यात पडलं. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं आदल्याच दिवशी जिन्यावरून पाय मुरगळून घेतला, तेव्हा सासूबाई तिकडे धावल्या. जाता जाता चपलेत पाय सरकवत त्या सुनेला म्हणाल्या, "तिकिटं काढलीयत, डबा भरलाय. तुम्ही दोघं जाऊन या. आणि हे बघ, यांना बोलतं करायच्या भानगडीत पडू नकोस. दमशील."

सुनेच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत सासऱ्यांशी तिची जी काही वाक्यं झाली ती 'चहा ठेवू का' आणि 'वर्तमानपत्र आलं का' यांच्या आसपासचीच. माणूस वाईट नव्हता, रागीट तर मुळीच नव्हता. पंचेचाळीस वर्षं दगडावर अक्षरं कोरण्यात गेली होती. दवाखान्यांच्या, शाळांच्या, पुलांच्या कोनशिला; बंगल्यांवरच्या नावाच्या पाट्या. बोलता बोलता छिन्नी घसरली की महिनाभराचं काम मातीत जातं, म्हणून कामावर तोंड बंद ठेवायची सवय लागली आणि ती त्यांच्याबरोबर घरी राहायला आली. दोन वर्षांपूर्वी काम थांबलं, सवय मात्र थांबली नाही.

सून बस आगारात वेळापत्रकं बनवायची. अर्थातच तिनं दिवसाचंही वेळापत्रक बनवलं होतं. राजाची कबर चाळीस मिनिटं, वस्तुसंग्रहालय एक तास, बाग, तळ्यातली होडी, मग साडेपाचची परतीची बस. इतक्या ठिकाणी फिरलं की बोलायची गरजच पडणार नाही, असा तिचा हिशेब होता.

तीन तासांच्या बसप्रवासात सासरे दोनदा बोलले. एकदा म्हणाले, "ऊन येतंय का तुझ्याकडे?" आणि एकदा केळं पुढे करून, "घे."

कबर शहराच्या टोकाला एका उंच चौथऱ्यावर होती. पायऱ्या चढून वर गेलं की मोठा घुमट, आत थंडगार अंधूक उजेड, मधोमध राजाची काळ्या दगडाची कबर आणि चारही भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, हातभर रुंदीचा काळ्याच दगडाचा पट्टा. त्या पट्ट्यावर जुन्या लिपीतली अक्षरं एकाला एक लागून सगळ्या खोलीला वळसा घालत गेली होती.

आत एक गाईड पंधरावीस पर्यटकांना माहिती देत होता. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज, हातात काठी. "मंडळी, वर बघा! चारही भिंतींवर मिळून एक हजार दोनशे अक्षरं. आणि काना म्हणू नका, मात्रा म्हणू नका, एकही चूक नाही! का नाही? कारण राजाच्या मुलाचा हुकूमच तसा होता. चुकलास तर हात छाटीन!"

पर्यटकांनी माना वर केल्या, फोटो काढले आणि ती मंडळी गाईडच्या काठीमागून पुढच्या दालनात गेली. सुनेनं घड्याळात पाहिलं. बारा मिनिटं झाली होती. सासरे मात्र दारालगतच्या भिंतीपाशीच उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, मान वर, डोळे बारीक. ते एक पाऊल सरकायचे, थांबायचे, पुन्हा एक पाऊल.

"बाबा, वाचता येतंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"छे. मला कुठली ही लिपी." ते थांबले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पण काम वाचता येतं ना. ये इकडे."

ती गेली.

"ही अक्षरं कशी आहेत सांग बरं?"

"सुंदर आहेत," ती म्हणाली. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं तिला.

"ते झालं. पण ही खोदलेली नाहीत. उठावाची आहेत. म्हणजे अक्षर आहे तिथला दगड ठेवायचा आणि बाकीचा सगळा काढून टाकायचा. खोदलेल्या अक्षरात चुकलं तर मसाला भरून वेळ मारून नेता येते. उठावात चुकलं तर काय भरणार? दगड गेला तो गेला." बोलताना त्यांचा हात हवेत चालत होता, जणू हातात छिन्नी असावी. "आणि हे दोघांचं काम आहे. दाराकडची भिंत एकाची. शेजारच्या भिंतीपासून दुसरा लागतो. हा पहिला अक्षराची शेपटी सरळ सोडतो. दुसरा शेवटाला किंचित वर उचलतो. दिसतंय?"

तिनं डोळे ताणून पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही, मग एकदम दिसलं, आणि दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. शेजारच्या भिंतीवरची प्रत्येक शेपटी टोकाला जरा वर वळलेली. "हो! अरे वा, हो!"

सासऱ्यांना बरं वाटलं असावं. चार वर्षांत ऐकली नव्हती एवढी वाक्यं तिनं पुढच्या अर्ध्या तासात ऐकली. वस्तुसंग्रहालयाची वेळ निघून गेली तेव्हा ती दुसऱ्या भिंतीच्या मध्यावर होती आणि एका अक्षराची कमान कुठून सुरू केली असेल यावर सासऱ्यांशी वाद घालत होती.

तिसऱ्या भिंतीपाशी सासरे थबकले. दोन पावलं मागे आले. पुन्हा पुढे गेले. मग त्यांनी गाल भिंतीला टेकेल इतकं डोकं जवळ नेलं आणि भिंतीच्या कडेनं तिरकं पाहिलं.

"ओ काका! हात नाही लावायचा!"

कबरीमागून एक बाई झपझप आल्या. करडा कोट, डोक्याला रुमाल, हातात मऊ केसांचा रुंद ब्रश. तिथली निगराणी त्यांच्याकडे होती.

"हात नाही लावला," सासरे म्हणाले. "बाई, तुमच्याकडे बॅटरी आहे का?"

"कशाला?"

"इथे काहीतरी झालंय."

बाई घाबरल्या. "काय झालं? तडा गेला?"

"तडा नाही. जुनं आहे. तेव्हाचंच. इथे कोरणारा चुकलाय."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. म्हातारा बरा आहे ना, असा त्या नजरेचा अर्थ होता. सून म्हणाली, "बाबांनी पंचेचाळीस वर्षं अक्षरं कोरलीयत. ते म्हणताहेत तर असेल काहीतरी." म्हणून झाल्यावर तिचं तिलाच जाणवलं की आपण सासऱ्यांच्या वतीनं भांडायला उभ्या राहिलो आहोत.

बॅटरी नव्हती, पण सुनेचा मोबाइल होता. सासऱ्यांनी तिला भिंतीला अगदी चिकटून उभं केलं आणि उजेड समोरून न पाडता भिंतीच्या अंगाअंगानं सोडायला सांगितला. तिनं मोबाइल धरला. गुळगुळीत वाटणाऱ्या त्या काळ्या पट्ट्यावर दोन हात लांबीची एक सावली उमटली. तेवढ्या भागात दगडाची पाठ, म्हणजे अक्षरांमागचा सपाट भाग, बाकीपेक्षा खाली गेली होती, फार नाही, नखाच्या जाडीइतकी. दोन्ही टोकांना ती इतक्या हळुवारपणे वर येऊन मिळत होती की समोरून पाहणाऱ्याला हजार वर्षं कळलं नसतं. आणि तेवढ्याच जागेत अक्षरं जरा बारीक होती, एकमेकांना खेटून, भरल्या गाडीत उभं राहावं तशी.

"बघा," सासरे हळूच म्हणाले. "आधी काहीतरी वेगळं कोरलं. मग कळलं. मग सगळी पाठ खाली घेतली आणि पुन्हा कोरलं."

निगराणीच्या बाईंनी ब्रश उचलला, त्या जागेवरून हलकेच फिरवला आणि ब्रशचे केस पाहिले. "एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी रोज सकाळी हा पट्टा झाडते. रोज इथेच जास्त धूळ निघते. मी वरिष्ठांना सांगत होते, खिडकीतून वारा इथे येतो म्हणून. ते म्हणायचे, बाई, तुमचं काहीतरीच!"

"वारा नाही," सासरे म्हणाले. "खळगा आहे."

"खळगा आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली, दोन जुने सोबती भेटल्यासारखे.

"पण इथे लिहिलंय काय?" सुनेनं विचारलं.

ते बाईंना येत होतं. लिपी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे उभं राहून राहून त्या स्वतःच ती शिकल्या होत्या. त्यांनी बोट हवेतून फिरवत वाचायला सुरुवात केली. "ही राजाची वंशावळ आहे. इथे राजाचं नाव. मग, अमक्याचा पुत्र. मग, तमक्याचा पुत्र. मग..." त्या अडखळल्या. पुन्हा मागून वाचलं. आणि हातातला ब्रश छातीशी धरून म्हणाल्या, "अगं बाई! हे दाटीवाटीचं जे आहे ना, ते राजाचे आजोबा आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे यानं बापाचं नाव कोरलं, 'पुत्र' लिहिलं आणि थेट पणजोबांवर गेला. आजोबाच विसरला!"

सासरे हसायला लागले. आधी आवाज न करता, खांदे हलवत. मग आवाजासकट. घुमटात ते हसू असं काही गरगरत वर गेलं की पुढच्या दालनातून गाईडची काठी टकटक करत आली. "काय चाललंय? ही कबर आहे, तमाशाचा तंबू नाही!"

"पुत्र, पुत्र, पुत्र," सासरे डोळे पुसत म्हणाले. "एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की डोळा घसरतो हो. कागदावरच्या एका 'पुत्र'वरून उचलला आणि पुढच्या 'पुत्र'वर जाऊन बसला. मधला बिचारा गेला!"

गाईडला सगळं पुन्हा सांगावं लागलं. सुनेनं पुन्हा मोबाइल धरला. गाईडनं पाहिलं, काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पाहिलं. त्याच्या मिशा खाली आल्या. बावीस वर्षं तो रोज चार वेळा 'एकही चूक नाही' म्हणत आला होता.

"झालं," तो म्हणाला. "आता मी काय सांगू लोकांना?"

सासऱ्यांना अपराधी वाटलं. आल्या आल्या एका माणसाच्या पोटावर पाय दिला असं त्यांना वाटत असणार. ते बोटांनी कोटाचं बटण फिरवू लागले. मग गाईडनंच हळू आवाजात विचारलं, "पण मग... त्याचा हात छाटला असेल का हो खरंच?"

हा प्रश्न त्यानं इतक्या मनापासून विचारला की सून त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं दमदार आवाजात सांगितलेली गोष्ट आज पहिल्यांदा त्याच्यासाठी एका खऱ्या माणसाच्या बाबतीत घडली होती.

सासरे पुढे चालू लागले. मागोमाग सून उजेड घेऊन, मग बाई ब्रश घेऊन, मग गाईड काठी घेऊन. तिसऱ्या भिंतीचं उरलेलं अंतर, कोपरा, मग चौथी भिंत. सासरे प्रत्येक हातभर अंतरावर थांबायचे आणि सुनेला म्हणायचे, "शेपटी?" ती म्हणायची, "वर." पुन्हा, "शेपटी?" "वर." असं करत ते शेवटच्या अक्षरापर्यंत, पुन्हा दारापाशी आले.

"शेपटी?"

"वर!" या वेळी तिघांनीही एकदम सांगितलं.

"तोच हात आहे," सासरे म्हणाले. "शेवटपर्यंत तोच. छाटला-बिटला काही नाही. आणि ही शेवटची भिंत बघा. सगळ्यांत मोकळं काम आहे हे. घाबरलेल्या हाताला अशी ओळ जमत नाही. कोणीतरी त्याला सांभाळून घेतलंय."

गाईडनं एक लांब श्वास सोडला. "चला, सुटला बिचारा," तो म्हणाला. तेवढ्यात बाहेर पुढच्या पर्यटकांचा घोळका आला, आणि गाईड मिशांवरून हात फिरवत त्यांना सामोरा गेला. दहा मिनिटांनी घुमटात त्याचा आवाज घुमला, "मंडळी, एक हजार दोनशे अक्षरांत एकच चूक! आणि ती कुठे आहे हे जगात फक्त चार माणसांना माहीत आहे. पैकी एक तुमच्यासमोर उभा आहे!" घोळक्यानं पहिल्या घोळक्यापेक्षा दुप्पट वेळ माना वर ठेवल्या. सासरे समाधानानं म्हणाले, "बरं झालं. त्याचं भागलं."

निगराणीच्या बाईंनी दोघांना आपल्या खोलीत नेलं. घुमटाच्या पाठीमागे जेमतेम एक टेबल आणि तीन स्टुलं मावतील एवढी ती खोली. भिंतीला खुंट्यांवर आकाराप्रमाणे ब्रश टांगलेले, खिडकीत चहाची किटली. डबा उघडला गेला, तिघांत वाटला गेला. बाई मधेच नोंदवही काढून काहीतरी लिहू लागल्या. "कोणाला दिसलं म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा, एका कोरणाऱ्याला," सासरे म्हणाले.

"आणि त्याच्या सुनेला," सून म्हणाली. "उजेड मी धरला होता."

"हो, हो! ते आधी लिहा."

बाई दालनं बंद करायच्या फेरीला निघाल्या तेव्हा ही दोघं चौथऱ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. बागही राहिली होती, होडीही. खाली शहराची छपरं उन्हात पिवळी झाली होती. सुनेला कुठेही जायचं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला लगेच कसं कळलं? तो डोळा घसरल्याचं?"

सासऱ्यांनी खालच्या छपरांकडे मान वळवली. मग म्हणाले, "माझाही घसरला होता."

ती एक पायरी खाली सरकून त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"बावीस वर्षांचा होतो. वाचनालयाची मोठी शिळा. उठावाचीच. देणगीदारांची नावं, प्रत्येकापुढे 'यांच्या स्मरणार्थ'. एका 'स्मरणार्थ'वरून दुसऱ्यावर गेलो आणि मधलं नाव गाळलं. खाली चार ओळी पूर्ण कोरून झाल्यावर कळलं. मी उस्तादांना सांगायला गेलो. वाटलं, आता हाकलून देणार. ते जेवायला बसले होते. त्यांनी ऐकलं, जेवण पुरं केलं, हात धुतले, शिळेपाशी येऊन बसले. म्हणाले, चल, पाठ खाली घेऊ. तेवढंच. नऊ दिवस आम्ही दोघं तो दगड उतरवत होतो. कोणाला बोलले नाहीत. मलासुद्धा नंतर कधी बोलून दाखवलं नाही."

"आणि वाचनालयवाले?"

"ते खूश! म्हणाले, वा, मधल्या ओळींना काय खोली आणलीय!"

सून हसली. "आईंना माहीत आहे?"

"वेडी की काय! तिला सांगितलं असतं तर वाचनालयासमोर आतापर्यंत रांग लागली असती. तुलाच सांगतोय पहिल्यांदा."

आता काहीतरी आपणही द्यायला हवं असं तिला वाटलं. "मी एकदा अशी बस सोडली होती बाबा," ती म्हणाली, "की जी निघायच्या पाच मिनिटं आधीच पोचत होती."

"म्हणजे?"

"आकडे उलटे पडले. निघणार नऊ वीसला, पोचणार नऊ पंधराला. छापून सगळ्या थांब्यांवर लागलं. एक आजोबा रोज नियंत्रकाकडे येऊन म्हणायचे, मला त्या बसचं तिकीट द्या, माझं कालचं एक काम राहिलंय."

सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. तिनं पाठीवर थोपटलं, पाण्याची बाटली दिली. हे दोन्ही तिनं चार वर्षांत पहिल्यांदाच केलं, आणि दोघांपैकी कोणाला त्यात अवघड वाटलं नाही.

साडेपाचची बस त्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या रस्त्यावरून निघून गेली. "गेली," सासरे म्हणाले. "जाऊ दे. साडेसहाला आहे," ती म्हणाली. मग तासभर सासऱ्यांनी तिला पायऱ्यांचे दगड ओळखायला शिकवले. कुठला कोणत्या खाणीचा, कुठला नंतर बदललेला. तिला सातांपैकी पाच बरोबर आले.

घरी पोचायला साडेनऊ झाले. दार नवऱ्यानं उघडलं. सासूबाई बहिणीकडून परतल्या होत्या आणि स्वयंपाकघरातूनच त्यांनी हाक दिली, "झाली का सहल? कशी होती कबर?"

"कबर कुठली विचारतेस," सासरे उंबऱ्यातूनच बोलायला लागले, एक बूट पायात, एक हातात. "आधी ते काम बघायला पाहिजे होतंस तू. दोन हात आहेत तिथे. एक शेपटी सरळ सोडतो..."

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. नवरा तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होता. त्यानं बायकोला कोपऱ्यात ओढून विचारलं, "हे कधीपासून बोलतायत?"

"सकाळपासून," ती म्हणाली. "सरक जरा, मला पानं घेऊ दे. अजून तीन भिंती बाकी आहेत."